सहावी अट फुकटची

बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी भाचीनं कोडं टाकलं: ३×३ चौकट, घरात १ ते ९ पैकी कुठलाही अंक, प्रत्येक ओळीची नि स्तंभाची बेरीज ३ने भागली जावी. अशा चौकटी किती?

अटी सहा, प्रत्येकीत तिसरा हिस्साच टिकणार, म्हणून मी ऐटीत ९⁹ला ३⁶ने भागलं: ५,३१,४४१. प्रोग्रॅम अडतीस कोटी चौकटी चाळत बसला, माझे दोन चहा झाले, आणि उत्तर आलं बरोब्बर तिप्पट.

मग अंकांऐवजी फक्त त्यांना ३ने भागून उरणाऱ्या बाक्या मांडल्या. वरची डावीकडची चार घरं मनासारखी भरा. उरलेली पाच आपोआप ठरतात. खालचं उजव्या कोपऱ्याचं घर ओळीनं काढा की स्तंभानं, एकच येतं. म्हणजे खऱ्या अटी पाचच! ३⁴ = ८१, आणि प्रत्येक बाकीचे तीन-तीन अंक, म्हणून गुणिले ३⁹: १५,९४,३२३.

“मामा, १ ते १० घेतले तर?” बाकी १चे अंक चार होतात, हिशेब पुन्हा पहिल्यापासून.