दुबईची नोकरी सोडताना शेवटचा हिशेब कसा वसूल करावा

गावाकडून आलेली पोरं मला हमखास विचारतात, ‘काका, राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडते ना?’ बुडत नाही. रूमवर बसून हे सांगणारे अजून जुन्याच कायद्यात अडकलेत, तेव्हा राजीनाम्याला कात्री लागायची. २ फेब्रुवारी २०२२ पासून नवा कायदा आहे. एक वर्ष सलग भरलं की राजीनामा दिलात तरी ग्रॅच्युइटी पूर्ण मिळते. मी सांगतोय ते खाजगी कंपन्यांतल्या कामगारांसाठी. घरकामाला असाल तर तुमचा कायदा वेगळा, आणि डीआयएफसी (दुबईतलं आर्थिक केंद्र) सारख्या काही झोनचे नियमही वेगळे.

राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. करारातली नोटीस (३० ते ९० दिवस) पूर्ण काढा. रागाच्या भरात कामावर जाणं बंद करू नका. सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात तर कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

हिशेब स्वतः करा. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा, पण सगळं बेसिकवर. बेसिक २,००० दिरहॅम आणि नोकरी सहा वर्षं, तर ९,००० दिरहॅम. तोच पगार ‘बेसिक १,२००, बाकी अलाउन्स’ असा फोडला असेल, तर ५,४०० वरच येता. सही करताना हा फरक कोणी सांगत नाही. बिनपगारी रजेचे दिवस वजा होतात. उरलेल्या रजेचे पैसे वेगळे.

आता खरी मेख. व्हिसा कॅन्सल करण्याच्या कागदावर तुमची सही लागते, आणि ‘माझं सगळं देणं मिळालं’ हे वाक्य त्यातच असतं. माझ्या पहिल्या कंपनीच्या मंदूबने (व्हिसाची सरकारी कामं करणारा कंपनीचा माणूस) कागद पुढे सरकवला तेव्हा माझ्या खात्यात छदामही आला नव्हता. ‘सही कर, अकाउंटवाला रविवारी टाकतो.’ गावी जायची घाई, विमान दुसऱ्या दिवशीचं, केली सही. तो रविवार अजून उगवायचाय. नंतर तक्रार केली तर कंपनीने माझीच सही माझ्यासमोर धरली. बोलणार काय?

म्हणून आधी पैसे, मग सही. ‘कॅन्सल झाल्याशिवाय सिस्टीम पैसे सोडत नाही’ हे ऐकून घ्या आणि खुर्चीवरून हलू नका. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत. कोरा किंवा नुसता अरबी कागद असेल तर फोटो काढा, वाचणारा शोधा. पैसे आल्याशिवाय तिकीट काढू देऊ नका. तिकीट हातात पडलं की माणूस मऊ होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. भांडू नका, आवाज चढवू नका. फक्त सही करू नका.

पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असेल तर आजच मागा. तो ठेवून घ्यायला कायद्याने बंदी आहे, ‘सेफ्टीसाठी’ म्हणाले तरी.

नोकरी संपल्यावर १४ दिवसांत पैसे देणं कंपनीला बंधनकारक आहे. नाही दिले, तर ८००८४ वर फोन करा किंवा कामगार मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार टाका. फी नाही, वकीलही लागत नाही. करार, पगाराच्या नोंदी दाखवणारं बँक स्टेटमेंट आणि राजीनाम्याची पोच जवळ ठेवा. दावा ५०,००० दिरहॅमपर्यंत असेल तर निकाल मंत्रालयच देतं. त्याहून मोठा आणि मिटला नाही तर कोर्टात जातो. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा लावता येतो, पण देशात असतानाच करा. दापोलीत बसून फोनवर पाठपुरावा करणं काय असतं ते मला विचारा.