सोलापूरच्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांचे दाट चाउडर

क्लॅम चाउडर सोलापुरात करायचे असेल, तर पाककृतीच्या आधी शिंपल्यांच्या प्रवासाचा विचार करावा लागतो. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्येकडील प्रदेशात हे दुधाचे दाट सूप किनाऱ्यावरच्या घरांत शिजत आले, आणि तिथे क्लॅम, म्हणजे समुद्री शिंपले, दाराशी मिळतात. आपल्याकडे त्यांची जागा ‘तिसऱ्या’ नावाचे कोकणातले लहान शिंपले उत्तम रीतीने घेतात. परंतु रत्नागिरी येथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असल्यामुळे त्या रात्रीच्या गाडीने बर्फाच्या खोक्यातून मागवाव्या लागतात, किंवा मासळीवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागते. हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावा; पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर जिवंत तिसऱ्यांची आशा धरू नये. भीमेच्या किंवा उजनीच्या पाण्यातले शिंपले सहज मिळाले, तरी ते वापरू नयेत, कारण शिंपला पाणी गाळूनच जगतो आणि त्या पाण्यातली घाणही स्वतःत साठवतो. शिवाय या पदार्थाला हवी असलेली समुद्राची खारट गोडी त्यांच्यात नसते.

मी पहिल्यांदा मागवल्या तेव्हा खोक्यातला बर्फ वितळून त्या रात्रभर गोड्या पाण्यात बुडून राहिल्या आणि सकाळी निम्म्याहून अधिक टाकून द्याव्या लागल्या. म्हणून पाठवणाऱ्याला आधीच बजावावे की बर्फ खाली, त्यावर जाळी किंवा पुठ्ठा आणि त्यावर ओल्या गोणपाटात तिसऱ्या, अशी रचना असावी व खोक्याला पाणी निथळण्यासाठी भोक असावे. घरी आल्यावर त्या हवाबंद डब्यात न ठेवता ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि शक्य तो त्याच दिवशी शिजवाव्यात.

चार जणांसाठी कवचासह दीड किलो तिसऱ्या घ्याव्यात, कारण आतले मांस फारच थोडे निघते. त्याबरोबर साडेतीनशे ग्रॅम बटाटे, एक मोठा पांढरा कांदा, 40 ग्रॅम लोणी, दोन मोठे चमचे मैदा, दोन कप म्हशीचे दूध, अर्धा कप ताजी साय किंवा विकतचे क्रीम, अर्धा चमचा वाळलेली थाइम आणि पांढऱ्या मिरीची पूड एवढेच लागते. सेलरीचे दोन दांडे मिळाले तर बारीक चिरून कांद्याबरोबर घालावेत. नाही मिळाले तर त्यांच्याऐवजी कोथिंबीर किंवा ओव्याची पाने घालण्याचा मोह टाळावा. मूळ कृतीत तमालपत्र असते, पण ते भूमध्य समुद्राकडचे. आपल्या तमालपत्राला दालचिनी-लवंगेकडे झुकणारा वास असतो, त्यामुळे अर्ध्या पानापेक्षा जास्त घालू नये. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा मिळणे कठीण असेल, तर नुसत्या लोण्यावरही चाउडर उत्तम होते.

वाळू काढण्यासाठी एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात तिसऱ्या दीड ते दोन तास गार, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. पाणी साठवणीचे असावे, कारण ताज्या नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्या तोंड मिटून बसतात. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याने पिंपे भरून ठेवण्याची सवय इथे तरी कामी येते. थोड्या वेळाने कवचे किंचित उघडतात, पांढुरकी नळी बाहेर येते आणि तळाशी बारीक राखाडी रेती जमू लागते. त्यानंतर त्या पाण्यासकट चाळणीत ओतू नयेत, नाहीतर खाली बसलेली रेती पुन्हा अंगावर येते. हातानेच वर उचलून घ्याव्यात. उघडी राहिलेली तिसरी ओट्यावर हलकेच आपटावी. मिटली तर ठेवावी, न मिटली तर टाकावी. फुटक्या कवचाचीही टाकावी.

रुंद पातेल्यात दोन कप पाणी उकळून त्यात तिसऱ्या घालाव्यात व झाकण ठेवावे. आपल्या तिसऱ्यांचे कवच पातळ असल्यामुळे तीन ते पाच मिनिटांत त्या उघडतात. जशी जशी उघडेल तशी एकेक बाहेर काढावी, कारण दोन मिनिटे अधिक शिजली की ती रबरासारखी होते. शेवटपर्यंत न उघडलेल्या फेकून द्याव्यात. मांस चमच्याने सोडवून झाकून ठेवावे. पातेल्यात उरलेले दुधट पाणी हाच या पदार्थाचा जीव आहे. ते दहा मिनिटे स्थिर ठेवून, तळाचा गाळ मागे राहील अशा बेताने दुहेरी मलमलीतून गाळावे. सोलापूरकराचा हात सवयीने टॉवेलकडे जातो, पण त्याचे सुटे धागे रसात उतरतात.

आता जाड बुडाच्या भांड्यात लोणी वितळवून बारीक चिरलेला कांदा अगदी मंद आचेवर आठ मिनिटे परतावा. आपला हात कांदा तांबूस करण्यावर बसलेला असतो, पण इथे तो पारदर्शकच राहायला हवा. तांबूस झाला की रंग आणि चव दोन्ही कोरम्याकडे जातात. त्यावर मैदा घालून दोन मिनिटे परतावा आणि गाळलेला रस थोडा थोडा ओतत, गाठी मोडत ढवळावे. दीड सेंटिमीटरच्या फोडी केलेले बटाटे, थाइम आणि तमालपत्र घालून पंधरा मिनिटे मंद उकळू द्यावे. बटाटा शिजला की चार-पाच फोडी भांड्याच्या कडेला दाबून मोडाव्यात, म्हणजे त्यांच्या पिठूळपणाने दाटपणा येतो आणि मैदा वाढवावा लागत नाही. आले, लसूण, हळद आणि काळा मसाला यांना आज सुट्टी द्यावी.

दूध घालण्याचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. दूध आधी कोमट करावे, गॅस अगदी बारीक करावा आणि धार सोडत ढवळत राहावे. वाफ निघावी, पण बुडबुडा फुटू नये. उष्णता, मीठ आणि आंबटपणा यांनी दुधातली प्रथिने गोळा होऊन दूध फाटते, आणि मैदा व बटाट्यातले पिष्टमय पदार्थ त्यांना काही प्रमाणात सावरतात. म्हणूनच दूध शेवटी घालायचे असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असल्याने क्रीम कमी पुरते. सायच घालणार असाल तर त्याच दिवशीची साय फेटून घ्यावी; तुपासाठी आठवडाभर साठवलेली साय आंबट झालेली असते आणि ती अख्ख्या भांड्याचा नाश करते. टोमॅटोही याच कारणासाठी वर्ज्य. मॅनहॅटन नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाल चाउडरमध्ये तो असतो, पण त्यात दूध नसते. या वादाने एके काळी इतका जोर धरला होता की 1939 साली न्यू इंग्लंडमधल्या मेन या राज्याच्या विधिमंडळात चाउडरमधील टोमॅटोविरुद्ध विधेयक मांडले गेले.

गॅस बंद करून तिसऱ्यांचे मांस, साय आणि मिरपूड घालावी व झाकण ठेवून वीस मिनिटे मुरू द्यावे. मीठ चाखल्याशिवाय घालू नये; माझ्या घरी बहुतेक वेळा ते लागतच नाही. न्यू इंग्लंडमध्ये यावर लहान कुरकुरीत बिस्किटे चुरडतात. आपल्याकडे ज्वारीची कडक भाकरी त्यांच्यापेक्षा सरस ठरते. मात्र तिचे तुकडे वाटी हातात आल्यावरच टाकावेत, म्हणजे पहिल्या काही घासांना कुरकुर टिकते. जेवायला पाहुणे असतील तर शिंपल्यांची ॲलर्जी कोणाला आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

उरलेले चाउडर गार होताच फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडे धरून गरम करावे. फ्रीजरमध्ये ते ठेवू नये. बटाटा रवाळ होतो आणि दूध वेगळे पडते.