मेशचा आकार ठरवण्याआधी

फायनाइट एलिमेंट ॲनालिसिसमध्ये भागाची ताकद संगणकावर तपासताना त्याचे छोटे तुकडे करतात; तुकडा म्हणजे एलिमेंट, त्यांची जाळी म्हणजे मेश. मागच्या खेपेला सगळ्या ब्रॅकेटला ५ मिलिमीटरची सरसकट मेश टाकून मी तो पास केला. फिलेटची, म्हणजे आतल्या कोपऱ्याला दिलेल्या गोलाईची, त्रिज्या ३ मिलिमीटर, म्हणजे पाव वर्तुळाची कमान जेमतेम ४.७ मिलिमीटर, आणि तिच्यावर एकच एलिमेंट. स्ट्रेस (आतला ताण) आला १८२ मेगापास्कल, स्टीलचा यील्ड, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं वाकतं तो ताण, २५०. कंपन चाचणीत नेमका त्याच फिलेटला तडा गेला. नंतर तिथे ०.६ची मेश घेतली, तर आकडा २९०च्या वर.

युनिट, मटेरियल, सपोर्ट तपासा. मग आपल्याला नक्की काय हवंय ते कागदावर लिहा. नुसतं डिस्प्लेसमेंट (भाग किती सरकतो) किंवा कंपनाच्या पहिल्या काही फ्रिक्वेन्सी हव्या असतील तर जाडसर मेश चालून जाते. स्ट्रेस हवा असेल तर नाही चालत.

आता कन्व्हर्जन्स, म्हणजे मेश बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावणं. एकाच जागेचा स्ट्रेस निदान तीन मेशवर काढा: ३, १.५, ०.७५ मिलिमीटर. शेवटच्या दोन आकड्यांत पाचेक टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आणखी बारीक करा. आणि डिस्प्लेसमेंट जुळलं म्हणून थांबू नका! मी तिथेच थांबलो होतो. डिस्प्लेसमेंट लवकर स्थिरावतं, स्ट्रेस मागे राहतो. वेळ नाही म्हणून ही पायरी गाळायची नाही. १९९१ साली नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ ‘स्लाइप्नर ए’ या तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. एका कोपऱ्यातल्या जाडसर मेशमुळे तिथला शिअर (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी धरला गेला होता.

फिलेटच्या पाव वर्तुळावर सहा ते आठ एलिमेंट बसवा. बारीक मेश तेवढ्याच भागात ठेवा, कारण सॉलिड (त्रिमितीय) मॉडेलमध्ये आकार निम्मा केला की एलिमेंट आठपट होतात आणि सॉल्व्हर रात्रभर बसतो. बारीकमधून जाडसरमध्ये जाताना एकदम उडी नको.

चार नोडचा (नोड म्हणजे एलिमेंटचे बिंदू) टेट्रा, म्हणजे चार पृष्ठांचा एलिमेंट, वाकणाऱ्या भागात अजिबात नको. तो खऱ्यापेक्षा ताठर वागतो आणि स्ट्रेस कमी दाखवतो. १० नोडचा घ्या. पातळ पत्र्याला शेल, म्हणजे पृष्ठभागासारखा एलिमेंट.

आतला तीक्ष्ण कोपरा असेल तर मेश कितीही बारीक करा, स्ट्रेस चढतच राहतो, कारण तिथलं गणिती उत्तरच अनंत आहे. तिथे कन्व्हर्जन्स शोधत दिवस घालवू नका, खरा फिलेट मॉडेलमध्ये आणा. एकाच नोडवर दिलेल्या लोडचंही तसंच.

एलिमेंट किती वेडेवाकडे किंवा लांबट झालेत हे सांगणारे जॅकोबियन, आस्पेक्ट रेशो बघा. स्ट्रेसचं ॲव्हरेजिंग (शेजारच्या एलिमेंटांची सरासरी) बंद करून शेजारच्या एलिमेंटांचे रंग तपासा. एकदम तुटक दिसले तर मेश जाड आहे.

रिपोर्टमध्ये तिन्ही मेशचे आकडे टाका, त्या जागेच्या स्ट्रेसचे. एकाच मेशचा रिपोर्ट सहीला पाठवू नका.