क्लबच्या सभासदत्व शुल्कातली बेवारस रक्कम: या चुका टाळा

पोस्टातून एक पाकीट परत येतं. वर पिवळी पट्टी चिकटवलेली, सभासद आता त्या पत्त्यावर राहत नाही. आत राजीनामा दिलेल्या सभासदाच्या परताव्याचा 84 डॉलरचा चेक. तो काही महिने ड्रॉवरमध्ये पडून राहतो, वर्षअखेरीला रद्द होतो आणि रक्कम ‘इतर उत्पन्न’ या खात्यात जमा होते. अमेरिकेतल्या क्लबांच्या हिशेबात ही चूक सर्रास होते आणि ती खरोखर गंभीर आहे. चेक रद्द केला म्हणून देणं फिटत नाही. तो पैसा सभासदाचाच राहतो आणि ठरावीक मुदतीत सभासद सापडला नाही, तर पैसा राज्याच्या बेवारस मालमत्ता विभागाकडे जमा करावा लागतो.

दुसरी चूक याच्या अगदी उलट: ‘सभासदत्व शुल्क’ या नावाखालचं सगळंच एका मापाने मोजणं. शुल्काचं नाव काय आहे याला महत्त्व नाही. क्लब आज या माणसाला काही देणं लागतो का, हे पाहायचं. वर्षभराची वर्गणी भरून सभासद एकदाही फिरकला नाही, तरी वर्ष संपलं की ती क्लबची कमाई. परत न मिळणारं प्रवेश शुल्कही तसंच. राज्य इथे सभासदाच्या जागी उभं राहतं, त्यामुळे जो हक्क सभासदाला नाही तो राज्यालाही मिळत नाही. पण परताव्याची ठेव, चुकून दोनदा भरलेली वर्गणी, राजीनाम्यानंतर खात्यावर उरलेली जमा, न वटलेला चेक, हे सगळं देणं आहे.

सर्वात जास्त घोळ होतो तो ठेवींचा. अनेक कंट्री क्लबांनी 30 वर्षांनी परत करण्याच्या बोलीवर सभासदांकडून मोठ्या ठेवी घेतल्या. काही ठिकाणी अट वेगळी असते: राजीनामा दिलेल्यांची यादी असते, ठरावीक संख्येने नवे सभासद आले की यादीतल्या पहिल्याचे पैसे द्यायचे. म्हणून रक्कम बेवारस ठरण्याची मुदत राजीनाम्याच्या तारखेपासून मोजू नका. करारानुसार रक्कम देय झाली त्या दिवसापासून मोजा. इथे एक समज फार महागात पडतो: ‘सभासदाने अर्जच केला नाही, मूळ प्रमाणपत्र आणून दिलं नाही, मग पैसे देय कसे?’ अनेक राज्यांचे कायदे ज्या समान नमुना कायद्यांवर बेतलेले आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की मालकाने मागणी केली नाही किंवा कागद सादर केला नाही, तरी रक्कम देयच धरायची. तेव्हा जुने करार बाहेर काढा आणि प्रत्येक ठेवीपुढे देय तारीख लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

‘एक वर्षात न मागितल्यास रक्कम क्लबची’ असं पोटनियमात लिहून सुटका होईल, यावरही विसंबू नका. बेवारस कायद्याला बगल देणारी अशी कलमं न्यायालयांनी अनेकदा मानलेली नाहीत. ना-नफा क्लब आहे म्हणून आपोआप सूट मिळते, हाही गैरसमजच.

पैसा कोणत्या राज्याकडे पाठवायचा? क्लब फ्लोरिडात आहे म्हणून फ्लोरिडाकडे, असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी खटल्यात क्रम लावून दिला: क्लबच्या दफ्तरात सभासदाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याचा पहिला हक्क. हिवाळ्यापुरता फ्लोरिडात येणाऱ्याचा नोंदलेला पत्ता ओहायोचा असेल, तर पैसा ओहायोकडे जातो. पत्ताच नसेल, तर क्लबची कंपनी जिथे नोंदलेली आहे त्या राज्याकडे. म्हणून सभासद सोडून गेला की त्याचा पत्ता संगणकातून पुसण्याची घाई करू नका.

मुदती राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात अशा रकमांसाठी साधारण 3 वर्षं, डेलावेअरमध्ये 5. बेवारस रकमांचा अहवाल राज्याकडे पाठवावा लागतो: डेलावेअरचा 1 मार्चपर्यंत जातो, कॅलिफोर्नियाचा 1 नोव्हेंबरच्या आधी. त्याआधी सभासदाला पत्र पाठवावं लागतं. कॅलिफोर्नियात 50 डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी ते बंधनकारक आहे. मला विचाराल तर पत्रावर थांबू नका, फोन करा, ईमेल करा. माणूस सापडून त्याच्या हाती पैसे पडले, तर अहवालाचा प्रश्नच उरत नाही.

मागची काही वर्षं अहवाल गेलाच नसेल, तर गप्प बसणं ही सर्वात मोठी चूक. बऱ्याच राज्यांत स्वतःहून चूक कळवण्याची योजना असते. तिच्यात दंड, आणि अनेकदा व्याजही, माफ होतं. फक्त अर्ज राज्याच्या ऑडिटची नोटीस येण्याआधी करावा लागतो. नोटीस आली की बहुतेक ठिकाणी ही सवलत मिळत नाही.