मणक्याची नळी अरुंद झालीय? फिजिओ निवडताना या चुका टाळा

कंबरेतला स्टेनोसिस म्हणजे मणक्याची नळी अरुंद होऊन नसा दाबल्या जाणं. चाललं की पाय भरून येतात, आणि बसलं किंवा जरा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. ही खूण धरूनच ट्रीटमेंट ठरवायची असते, पण तिकडेच दुर्लक्ष होतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कंबरदुखीचा सरसकट व्यायाम. कुणाला तरी डिस्कच्या त्रासात भुजंगासनाने आराम पडला म्हणून आपणही तेच सुरू करायचं, आणि मग पाय जास्तच बधिर होतात. कारण मागे वाकलं की नळी अजून आवळते, पुढे वाकलं की थोडी उघडते, म्हणून इथे बहुतेकांना गुडघे छातीशी घेणं, पोटाचे स्नायू बळकट करणं आणि एका जागेवरची सायकल हेच जास्त मानवतं.

नुसता शेक आणि करंट घेऊन घरी येणं ही दुसरी. तेवढ्यापुरतं बरं वाटतं हो, पण चालणं त्याने वाढेलच असा भरवसा नाही.

आता तुलना. अमेरिकेत २०१९ मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये साठीच्या पुढचे २५९ जण होते, एका गटाला औषधं-इंजेक्शनं, एकाला ग्रुपमध्ये व्यायाम, एकाला थेरपिस्टने हाताने सांधे मोकळे करून वर त्याच्यापुरता वेगळा व्यायाम. २ महिन्यांनी हा तिसरा गट पुढे होता, ६ महिन्यांनी तिघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे "कुठली थेरपी बेस्ट" विचारताना "किती दिवसांनी मोजलं" हेही विचारा. २०१५ च्या दुसऱ्या ट्रायलमध्ये ऑपरेशन आणि फिजिओ २ वर्षांनी जवळपास सारखेच ठरले खरे, पण फिजिओ गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

फरक एमआरआयमध्ये शोधू नका, व्यायामाने नळी रुंद होत नाही. न थांबता किती मिनिटं चाललात ते वहीत लिहा.

६ आठवड्यांत आकडा हललाच नाही तर आधी स्वतःला विचारा, घरी व्यायाम खरंच होतोय का. होत असेल आणि सायकलवर पुढे वाकूनही पोटरी दुखत असेल, नुसतं उभं राहिल्यावर थांबत असेल, तर रक्तवाहिन्यांचा त्रास असू शकतो, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. आणि लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद अचानक गेली तर व्यायाम बंद, त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.