विमानतळावर व्हीलचेअर मागताना या चुका टाळा

विमानतळावर व्हीलचेअर वेळेवर मिळाली नाही किंवा मिळूनही उपयोगी पडली नाही, तर चुकीची सुरुवात बहुधा तिकीट काढतानाच झालेली असते. ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच कळवल्यावर प्रवाशाला नेमके काय जमत नाही, हे विमान कंपनीला समजत नाही. जगभरातील विमान कंपन्या यासाठी तीन वेगवेगळे संकेत वापरतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे पायऱ्या चढता येतात, विमानातही चालता येते, पण लांब अंतर झेपत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, मात्र विमानात शिरल्यावर आसनापर्यंत स्वतः जाता येते. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत जाण्यासाठीही मदत लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. कुणाला त्रास नको, या भावनेने अनेक ज्येष्ठ प्रवासी ‘थोडेफार चालता येते’ असे सांगतात आणि त्यांच्या नावापुढे पहिला संकेत नोंदवला जातो. मग विमान टर्मिनलला जोडणाऱ्या पुलाला न लागता दूरच्या तळावर उभे राहिले, की समोर उंच, अरुंद शिडी येते आणि प्रवाशाला दारापर्यंत उचलून नेणारी ॲम्ब्युलिफ्ट मागवलेलीच नसते. म्हणून चालता येते का, यापेक्षा एका मजल्याएवढ्या पायऱ्या आधाराशिवाय चढता-उतरता येतात का, हा प्रश्न घरीच प्रामाणिकपणे विचारावा. उत्तर डळमळीत असेल तर दुसरा संकेत मागावा. त्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

दुसरी चूक म्हणजे विनंती शेवटच्या क्षणी करणे. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार ही मदत विनामूल्य असते आणि तिची सूचना प्रवासाच्या किमान ४८ तास आधी देणे अपेक्षित असते. इतरत्रही तेवढीच मुदत धरून चालणे हिताचे ठरते. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर विनंती पहिल्या कंपनीकडेच अडकून राहू शकते. त्यामुळे जी कंपनी प्रत्यक्ष विमान उडवणार आहे, तिच्याकडे प्रत्येक टप्प्याची नोंद स्वतः तपासावी. व्हीलचेअरने जाणाऱ्या प्रवाशांना सहसा सर्वांत शेवटी उतरवले जाते, हे लक्षात घेऊन विमान बदलण्यासाठी भरपूर वेळ ठेवावा. विमानतळावर पोहोचल्यावर मदत कक्षात आपण आल्याचे सांगावे, आणि वाट पाहणे लांबले तर गप्प बसून न राहता पुन्हा विचारावे. औषधे, पाणी आणि कागदपत्रे नेहमी आपल्याजवळच्या पिशवीत असावीत.

स्वतःची विजेवर चालणारी खुर्ची नेणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा बॅटरीपाशी येते. खुर्चीचे वजन आणि मापे यांच्याबरोबरच बॅटरीचा प्रकार आणि वॅट-तास (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) आधी कळवावे लागतात. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले नसतील, तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॅट-तासांची होते. बॅटरी काढता येईल अशीच रचना असलेल्या घडीच्या खुर्चीतील लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-तास असते. जादा बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंतची एक किंवा प्रत्येकी १६० वॅट-तासांपर्यंतच्या दोन नेता येतात. ही मर्यादा खुर्ची विकत घेतानाच पाहिली, तर तपासणीच्या रांगेत होणारा मनस्ताप टळतो.

खुर्ची सामान कक्षात देण्यापूर्वी गादी, पायटेकू आणि चालवण्याची दांडी यांपैकी जे सुटे होते ते काढून जवळ ठेवावे. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटरचा कोणता खटका सोडायचा, हे लिहिलेली चिठ्ठी तिलाच बांधावी. खटका न सापडल्याने ओढाताण झाली की चाके आणि मोटर दुखावतात. चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. उतरल्यावर खुर्ची सामानाच्या पट्ट्यावर न येता विमानाच्या दाराशी मिळावी, ही विनंती नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा दारापाशी करावी.

खुर्ची मोडलेली आढळली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार नोंदणीकृत सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. विजेवर चालणाऱ्या चांगल्या खुर्चीची किंमत याहून कितीतरी अधिक असू शकते. अशा वेळी सामान सोपवतानाच तिच्या किमतीची विशेष घोषणा करण्याची आणि आवश्यक असल्यास जादा शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे. ही घोषणा नुकसान झाल्यानंतर करता येत नाही.