सेकंडहँड एस्टेट घेताय? ऑक्टाव्हिया की कोरोला ठरवताना या चुका टाळा

भारतात एस्टेट, म्हणजे छत मागपर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी, कधी रुजलीच नाही. टाटा एस्टेट आली नि गेली, मारुतीची बलेनो अल्टुरा आली नि गेली. यूकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत मात्र दुसरं मूल झालं, प्रॅम (बाबागाडी) आली आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा चार मोठ्या बॅगा घेऊन हीथ्रोला उतरणार असं ठरलं, की हॅचबॅक तोकडी वाटू लागते. मग यादीत बहुधा दोन नावं उरतात: स्कोडा ऑक्टाव्हिया एस्टेट आणि टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स. आणि लगेच प्रश्न येतो, "दोन्हीत चांगली कोणती?"

पहिली चूक या प्रश्नातच आहे. नव्या गाड्यांच्या बाबतीत तो ठीक आहे. पण 2019 ची वापरलेली गाडी घेताना बॅजपेक्षा आधीच्या मालकाने ती कशी ठेवली, हे कितीतरी महत्त्वाचं ठरतं. तुलना करायची ती समोरच्या दोन गाड्यांची, आणि तीही कागदापासून.

एमओटीचा इतिहास नुसता 'पास' बघून सोडणं

गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर नंबरप्लेट टाकली की गाडीच्या सगळ्या एमओटी, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासण्या, फुकट दिसतात. बहुतेक जण पास-नापास आणि शेवटचं रनिंग बघून पान बंद करतात. खरा मजकूर 'अॅडव्हायजरी'त, म्हणजे तपासणाऱ्याने लक्ष ठेवायला सांगितलेल्या दोषांच्या नोंदीत असतो. बल्ब गेला म्हणून एकदा नापास झालेल्या गाडीला घाबरायचं कारण नाही. पण पुढच्या टायरची आतली कड झिजल्याची नोंद दोन वर्षं लागोपाठ असेल, तर मालकाने टायर तरी बदलला नाही किंवा बदलूनही अलाइनमेंट, सस्पेन्शनचं मूळ दुखणं तसंच ठेवलं. असा माणूस इंजिन ऑइल वेळेवर बदलत असेल का, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

तारखाही वाचा. खासगी गाडीची पहिली एमओटी ब्रिटनमध्ये तीन वर्षांनी लागते. ती त्याआधीच झालेली दिसली, किंवा एका वर्षात दोन-दोन दिसल्या, तर गाडी मिनीकॅब (भाड्याची टॅक्सी) म्हणून धावली असण्याची दाट शक्यता आहे. या दोन्ही एस्टेट कॅबवाल्यांच्या लाडक्या. मागच्या बंपरवर परवान्याच्या पाटीची भोकं आहेत का बघा, मागच्या दाराची हँडल आणि सीटबेल्ट पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेत का तेही बघा. कॅबची गाडी वाईटच असते असं नाही, पण तिची किंमत कॅबच्या गाडीचीच हवी.

कमी रनिंगला भुलणं

आपल्याकडे "गाडी फार पळालेली नाही" हे कौतुकच. डिझेल ऑक्टाव्हियाच्या बाबतीत ते उलटं पडू शकतं. शाळा आणि टेस्को सुपरमार्केट एवढंच फिरलेल्या डिझेलचा धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर पुरता तापतच नाही, काजळी साचत जाते आणि दुरुस्तीचं बिल मोठं येतं. त्यापेक्षा मोटरवेवर 80 हजार मैल धावलेली, सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी मी आधी बघेन. आणि तुमचं स्वतःचं फिरणंही शाळा आणि टेस्कोच असेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊच नका.

इंजिन आणि गिअरबॉक्स न विचारणं

डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; 'ऑक्टाव्हिया डीएसजी' या एका नावाखाली वेगवेगळे गिअरबॉक्स येतात. 2.0 टीडीआय या डिझेल इंजिनासोबतच्या, तेलात बुडालेल्या 'ओल्या' क्लचच्या डीएसजीचं तेल ठराविक मैलांनी बदलावं लागतं. त्याची पावती मागा. 1.5 टीएसआय या पेट्रोल इंजिनासोबत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी येतो. तो चढावर, रांगेत सरकताना गचके देतो का ते बघा. याच इंजिनाच्या सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्या थंड असताना झटके देत. त्यावर सॉफ्टवेअर अपडेट आलं, ते झालंय का विचारा. मुख्य म्हणजे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर का तापवली, हा पहिला प्रश्न.

कोरोला हायब्रिडला डीएसजीही नाही आणि डिझेलही नाही, म्हणून लोक डोळे मिटून घेतात. तिचं ब्रेकिंग बरंचसं मोटर करते, त्यामुळे डिस्क कमी वापरल्या जातात आणि गंजतात; चाकाच्या आरांमधून टॉर्च मारून मागची डिस्क बघाच. हायब्रिड बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटखाली असते. ती कुत्र्याच्या केसांनी किंवा बिस्किटांच्या चुऱ्याने बुजलेली असेल, तर बॅटरीला हवा कमी मिळत होती असं समजा. टोयोटाकडे नियमित सर्व्हिस केली तर 10 वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वॉरंटी मिळत जाते. त्या गाडीला ती लागू आहे का, हे डीलरकडून पक्कं करा. किंमत ठरवताना याला खरंच वजन आहे.

डिकी लिटरमध्ये मोजणं

ऑक्टाव्हियाच्या त्या पिढीची डिकी 610 लिटर, कोरोला 1.8 ची 600 च्या आसपास, 2.0 ची थोडी कमी. कागदावर फरक किरकोळ. तुमची प्रॅम आणि मोठी बॅग घेऊन जा आणि खरोखर ठेवून बघा. दोन्ही चाइल्ड सीट लावा, मधे आईंना बसवा. त्यांच्या गुडघ्यांना चढउतार जमते का, हे त्याच सांगतील.

टॅक्स आणि इन्शुरन्स नंतर बघू म्हणणं

बजेट कमी असेल तर कोरोलाऐवजी टोयोटाचीच आधीची ऑरिस एस्टेट समोर येते. तेव्हा नोंदणीची तारीख बघा. 1 एप्रिल 2017 च्या आधीच्या गाडीचा रोड टॅक्स कार्बन उत्सर्जनावर ठरतो आणि हायब्रिडला तो अगदी नाममात्र पडतो. त्यानंतरच्या गाड्यांना सरसकट दर. डिझेल युरो 6 या उत्सर्जन मानकाची नसेल तर लंडनच्या यूलेझमध्ये (कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात) गाडी चालवायला दिवसाला 12.50 पौंड. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून फक्त 12 महिने चालवता येतं आणि इन्शुरन्सही महाग पडतो, म्हणून दोन्ही नंबरप्लेट टाकून कोटेशन आधीच काढा. कधीकधी इथेच निकाल लागतो.

पैसे देण्याची घाई

लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, हा मालकीचा पुरावा नव्हे. गाडीवर फायनान्स बाकी आहे का, ती अपघातात 'कॅटेगरी एस' (सांगाड्याला इजा) किंवा 'एन' (सांगाडा सोडून इतर नुकसान) ठरली होती का, हे काही पौंडांच्या हिस्टरी चेकमध्ये कळतं. दोन्ही गाड्यांचा करा. डीलरकडून घेतली तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी 30 दिवसांत परत करता येते, बिलावर त्याने काहीही लिहिलेलं असो. खासगी विक्रीत हे संरक्षण नाही. म्हणून काही धंदेवाले घरगुती विक्रेते असल्याचं भासवतात. फोनवर नुसतं "गाडीबद्दल विचारायचं होतं" म्हणा. समोरून "कोणत्या?" असं आलं, तर फोन ठेवून द्या.

आधीच्या मालकाचा रोड टॅक्स गाडीसोबत येत नाही. लॉगबुकमधली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी हातात आली की तिथेच उभं राहून ऑनलाइन टॅक्स भरा, इन्शुरन्स सुरू झाल्याची खात्री करा आणि मगच गाडी हलवा.